फ्लाइट रद्द झाली, आता पैसे किती आणि कुणाकडून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गेली बरीच वर्षं लोकांना विमानाची तिकिटं काढून देतो. जुलैत मुंबईला पाऊस लागला किंवा डिसेंबरात दिल्लीवर धुकं उतरलं की माझा फोन थांबत नाही. प्रश्न ठरलेले असतात. तेच इथे उत्तरांसह लिहून ठेवलेत. नियम बहुतांशी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहेत. परदेशचे जिथे वेगळे आहेत तिथे तसं सांगितलंय.

फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज आला. आधी काय करू?

काहीही करा, पण ॲपमधलं 'बुकिंग कॅन्सल करा' हे बटण दाबू नका. कंपनीने उड्डाण रद्द करणं वेगळं आणि तुम्ही तिकीट रद्द करणं वेगळं. पहिल्यात पूर्ण पैसे परत मिळतात, दुसऱ्यात कॅन्सलेशन चार्ज कापला जातो.

आमच्याच घरातला किस्सा. सासूबाईंची सकाळी ६:०५ ची दिल्ली फ्लाइट होती. पहाटे ४:१० ला मेसेज आला तेव्हा रिक्षा दारात उभी होती. मेहुण्याने घाबरून ॲप उघडलं आणि समोर दिसलं ते बटण दाबलं. कंपनीच्या नोंदीत 'प्रवाशाने रद्द केले' असं पडलं आणि ३,५०० रुपये कापून उरलेले आले. मेसेजची वेळ बटण दाबण्याच्या आधीची आहे, हे पटवून द्यायला सात ईमेल आणि दोन महिने गेले. मेसेज डिलीट झाला असता तर ते पैसेही गेलेच असते.

त्यामुळे सगळ्यात आधी मेसेजचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ दिसेल असा. मग मेसेजमध्ये कंपनीने दिलेली लिंक उघडायची. तिथे 'दुसरं विमान' किंवा 'पूर्ण परतावा' यातलं एक निवडायचं. लिंक नीट चालत नसेल तर कॉल सेंटर किंवा काउंटर.

रद्द झालं म्हणजे ५ ते १० हजार भरपाई मिळतेच ना?

नाही. सगळं कंपनीने तुम्हाला कधी कळवलं यावर आहे.

दोन आठवडे किंवा त्याआधी कळवलं, तर दुसरं विमान किंवा परतावा, तुम्हाला मान्य असेल ते. वर भरपाई नाही. दोन आठवड्यांच्या आत पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं, तरी तेच. इथे बरेच जण फसतात. तीन दिवस आधी रद्द झाली म्हणून दहा हजार मागतात आणि कंपनी शांतपणे नाही म्हणते. नियमाप्रमाणे ती बरोबर असते.

खरी भरपाई सुरू होते ती २४ तासांच्या आत कळवलं किंवा कळवलंच नाही तर. एकाच तिकीट नंबरवरची पुढची कनेक्टिंग फ्लाइट चुकली तरीही. रक्कम उड्डाणाच्या 'ब्लॉक टाइम'वर ठरते. विमान पार्किंगमधून हललं तिथपासून उतरून पुन्हा पार्किंगला थांबलं तिथपर्यंतचा हा वेळ. १ तासापर्यंत ५,००० रुपये, १ ते २ तासांपर्यंत ७,५०० आणि २ तासांच्या वर १०,०००. पुणे–दिल्ली सहसा तिसऱ्या गटात येतं, मुंबई–नागपूर दुसऱ्यात.

आणि एक अट विसरू नका. बुकिंग करताना स्वतःचा मोबाइल नंबर किंवा ईमेल नीट दिलेला नसेल तर भरपाई मिळत नाही. एजंटने सगळ्यांच्या तिकिटांवर स्वतःचाच नंबर टाकायची सवय अजून गेलेली नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण प्रवाशाचं नुकसान तिथेच होतं.

दिल्लीच्या तिकिटाला १०,००० असं लिहिलंय, मग मला ४,६२५ च का दिले?

कारण नियमात एक छोटा तुकडा आहे जो बातम्यांच्या मथळ्यात येत नाही: 'वरील रक्कम, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते.'

समजा तुमचं पुणे–दिल्ली तिकीट एकूण ५,७४० रुपयांचं आहे. तिकिटाची पीडीएफ उघडा आणि भाड्याच्या तपशिलात बघा. बेस फेअर ४,२००, इंधन आकार ४२५. उरलेले १,११५ म्हणजे जीएसटी, विमानतळाचं शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे. भरपाई मोजताना हे १,११५ धरले जात नाहीत. ४,२०० अधिक ४२५ म्हणजे ४,६२५. हे दहा हजारांपेक्षा कमी आहे, म्हणून तुमची भरपाई ४,६२५. शिवाय तिकिटाचे ५,७४० परत. हातात एकूण १०,३६५.

म्हणजे सेलमध्ये १,८०० च्या बेस फेअरला काढलेल्या तिकिटावर दहा हजारांचं स्वप्न बघू नये. उडान योजनेतल्या स्वस्त जागांचंही तेच. छोट्या विमानतळांवरची ही उड्डाणं सहज रद्द होतात आणि भरपाईही तिथेच सगळ्यात तुटपुंजी. माझ्या मते हा नियम प्रवाशाच्या त्रासाशी नाही, तिकिटाच्या किमतीशी बांधलेला आहे आणि ते चुकीचं आहे. पण तूर्त नियम असा आहे.

कंपनीने दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवलं. भरपाई पण मागता येईल?

नियमाची भाषा 'एक तर' अशी आहे: एक तर प्रवाशाला मान्य असलेलं दुसरं विमान, नाही तर पूर्ण परतावा आणि वर भरपाई. तुम्ही दुसरं विमान पत्करलंत तर रोख भरपाईचा हक्क बहुधा संपतो. फक्त 'मान्य असलेलं' हा शब्द धरून ठेवा. उद्या संध्याकाळची फ्लाइट तुमच्या कामाची नसेल तर तसं लेखी कळवा आणि परतावा मागा. काउंटरवर 'सर, हाच एक पर्याय आहे' असं सांगतात. तो एकच पर्याय नसतो.

आधीच्या विमानासाठी तुम्ही विमानतळावर पोचला असाल, तर दुसरं विमान सुटेपर्यंतचं जेवणखाण कंपनीकडे लागतं.

कंपनी म्हणते 'ऑपरेशनल कारण' किंवा 'हवामान'. मग काहीच नाही का?

कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांना भरपाई नाही, हे खरं. नियमात राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप, एअर ट्रॅफिक कंट्रोल, हवामान, सुरक्षेचा धोका अशी यादी आहे. 'ऑपरेशनल कारण' हा शब्द त्या यादीत नाही. तो शब्द म्हणजे गोणपाट आहे, आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही. वैमानिक कमी पडले, विमान फिरून वेळेवर आलं नाही, प्रवासी कमी होते म्हणून दोन फ्लाइट एक केल्या, सगळं त्यात मावतं. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये विचारा: रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी द्या.

हवामानाचं कारण पडताळता येतं. त्याच वेळेला त्याच मार्गावर दुसऱ्या कंपनीचं विमान सुटलं का, हे फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर दिसतं. विमानतळावर असाल तर डिस्प्ले बोर्डाचा फोटो काढा. तुमची रद्द आणि वीस मिनिटांनी सुटलेली दुसऱ्याची 'डिपार्टेड', असं एका फोटोत आलं तर तो फोटो पुढे फार उपयोगी पडतो. अर्थात दर वेळी त्याने मुद्दा सिद्ध होत नाही. कमी दृश्यमानतेत उतरण्याचं प्रशिक्षण असलेला वैमानिक एकाकडे असतो, दुसऱ्याकडे नसतो. पण उत्तर देण्याची वेळ कंपनीवर येते.

धुक्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. दिल्लीहून हैदराबादला जाणारं विमान डिसेंबर २००७ मध्ये धुक्यात अडकलं होतं. न्यायालयाने धुक्याने झालेल्या उशिरासाठी कंपनीला जबाबदार धरलं नाही आणि खालून मंजूर झालेली भरपाई रद्द केली. मात्र अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय बघणं ही कंपनीची जबाबदारी आहे, हेही सांगितलं. थोडक्यात, धुक्याने भरपाई टळते, चहा-जेवण टळत नाही.

रद्द नाही, पण सात तास उशीर आहे. बसून राहायचं का?

देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा देऊ करायला हवा. ही नवी वेळ २४ तास आधी कळवणंही अपेक्षित आहे, पण तसं कळवलेलं मी क्वचितच पाहिलंय.

खाण्यापिण्याचं गणित वेगळं. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर, अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांनंतर, त्याहून लांबचं असेल तर चार तासांनंतर. तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं असलं पाहिजे. आपण होऊन कुणी द्यायला येत नाही, काउंटरवर जाऊन कूपन मागावं लागतं.

हॉटेल दोनच परिस्थितींत मिळतं: उशीर २४ तासांच्या वर गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला. त्यात हॉटेलपर्यंतची ने-आणही कंपनीचीच.

तिकीट कन्फर्म होतं, तरी 'विमान भरलंय' म्हणून चढू दिलं नाही.

हे ओव्हरबुकिंग, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकणं. इथे भरपाई रद्द उड्डाणापेक्षा बरी आहे. एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन आकाराच्या २०० टक्के, कमाल १०,०००. २४ तासांनंतरचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. दुसरं विमानच नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ४०० टक्के, कमाल २०,०००. मात्र काउंटर बंद झाल्यावर धावत पोचला असाल तर हे लागू नाही.

कोल्हापूरची फ्लाइट रद्द झाल्याने मुंबईहून दुबईची चुकली. दुबईच्या तिकिटाचे पैसे मिळतील?

दोन्ही एका पीएनआरवर, एका तिकिटावर असतील तर हो, पुढचं सगळं त्यांनीच बघायचं. वेगवेगळी काढली असतील तर दुबईवाली कंपनी म्हणणार, तुम्ही आला नाहीत. दोन हजार वाचवण्यासाठी तिकिटं तोडून काढतात त्यांना मी हे तोंडावर सांगतो. तरीही तोडूनच काढायचं असेल तर आदल्या दिवशी मुंबईत पोचा.

पोर्टलवरून तिकीट काढलं होतं. पोर्टल म्हणतं कंपनीकडे जा, कंपनी म्हणते पोर्टलकडे जा.

नियमात परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवर आहे, कारण एजंट आणि पोर्टल तिचेच प्रतिनिधी मानले जातात. तक्रार दोघांना एकाच ईमेलमध्ये पाठवा, म्हणजे दोघांना एकमेकांची उत्तरं दिसतात. कंपनीकडून थेट क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत करायचे असतात. पोर्टलची 'सुविधा फी' मात्र बहुतेक वेळा परत येत नाही.

पैसे न देता 'क्रेडिट शेल' दिलं. घ्यावंच लागतं का?

नाही. पैसे घ्यायचे की पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायचे, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. कंपनी ते लादू शकत नाही. कोविडच्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांना असंच क्रेडिट दिलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला त्याबाबत निकाल दिला, तेव्हा अनेकांचे पैसे सुटले.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या प्रवाशांना काय मिळालं?

वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक. सरकारने अडकलेले परतावे ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत द्यायला सांगितले आणि इतर कंपन्यांनी भाव चढवू नयेत म्हणून भाड्यांवर मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि पुढे १८,००० रुपये. २४ तासांच्या आत रद्द झालेल्यांना नेहमीची भरपाई आणि ३ ते ५ डिसेंबरला जास्त हाल झालेल्यांना कंपनीने १०,००० रुपयांची ट्रॅव्हल व्हाउचर जाहीर केली. जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने कंपनीला २२.२० कोटींचा दंड केला. तो दंड सरकारकडे जातो, प्रवाशाच्या खात्यात नाही. मला त्या आठवड्यात हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारत होतं.

मुलगा जर्मनीत शिकतो. फ्रँकफर्ट–मुंबई रद्द झाली तर?

तिथे नियम फार चांगले आहेत. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम: युरोपीय संघातून सुटणारं कुठल्याही कंपनीचं विमान आणि बाहेरून तिकडे जाणारं युरोपीय कंपनीचं विमान. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला लुफ्थान्साने या नाही तर एअर इंडियाने, नियम लागू. मुंबईहून फ्रँकफर्टला लुफ्थान्साने गेलात तर लागू, एअर इंडियाने गेलात तर नाही. दिशा आणि कंपनी दोन्ही बघायच्या.

१४ दिवसांच्या आत कळवून रद्द केलं आणि कारण असाधारण नसेल, तर ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला ६०० युरो, तिकिटाची किंमत काहीही असो. लवकर पोचवणारं दुसरं विमान दिलं तर रक्कम निम्मी होऊ शकते. विमानातला तांत्रिक बिघाड हे सहसा 'असाधारण' कारण धरलं जात नाही, हे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. ब्रिटनने बाहेर पडल्यावर तसाच नियम ठेवला, लंडन–मुंबईला ५२० पौंड. अमेरिकेत मात्र परतावा पक्का, रद्द झाल्याची ठरावीक रोख भरपाई नाही.

पुण्याच्या तिकिटावरचं ४,६२५ आणि हे ६०० युरो शेजारी ठेवून बघा.

तक्रार कुठे आणि कुठल्या क्रमाने?

आधी कंपनी. लेखी, ईमेलने. फोनवर बोललात तर तक्रार क्रमांक घ्या. तिच्या नोडल अधिकाऱ्याचा आणि अपील अधिकाऱ्याचा पत्ता वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. मग सरकारचं एअरसेवा पोर्टल किंवा ॲप. तिथे तक्रार टाकली की कंपनीची भाषा एकदम बदलते, हा माझा अनुभव. ग्राहक हेल्पलाइन १९१५ हीसुद्धा चालते.

तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात दावा करता येतो. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी साताऱ्याच्या माणसाने तिकडे जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, दावा ऑनलाइन दाखल होतो. मुदत दोन वर्षं. मनस्ताप, बुडालेलं हॉटेल, ऐनवेळी महागात काढलेलं तिकीट हे डीजीसीएच्या नियमात बसत नाही. ते मागायची जागा ही. पावत्या जपून ठेवा.

कमी लोकांना माहीत असलेली आणखी एक वाट म्हणजे कायम लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात हवाई प्रवासी वाहतूक 'सार्वजनिक उपयोगिता सेवा' आहे, म्हणून तिथे अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही. आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि जमलं नाही तर अदालत स्वतः निकाल देऊ शकते.

कंपनीच बंद पडली तर?

जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दिवाळखोरीत प्रवासी हा रांगेत फार मागचा घेणेकरी असतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर लगेच बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावर भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा अर्ज करा, त्याला मुदत असते.

ईमेलमध्ये नेमकं काय लिहू?

राग शेवटी, आकडे आधी. असं काहीसं:

'माझा पीएनआर अमुक. पुणे–दिल्ली, तारीख अमुक, सुटण्याची वेळ ६:०५. उड्डाण रद्द झाल्याचा आपला संदेश मला त्याच दिवशी पहाटे ४:१० ला मिळाला, प्रत सोबत जोडली आहे. २४ तासांच्या आत कळवल्यामुळे मला तिकिटाचे ५,७४० रुपये पूर्ण परत हवेत आणि नियमानुसार ४,६२५ रुपये भरपाई हवी. मी दुसरे विमान स्वीकारलेले नाही. रद्द करण्याचे नेमके कारण लेखी कळवावे. सात दिवसांत रक्कम न आल्यास एअरसेवा आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.'

मराठीत पाठवलंत तरी चालतं. उत्तर इंग्रजीतच येईल, पण येईल.